आरटी कर्नल टाकला आणि लॅपटॉप उठेना

रोबोटच्या प्रोजेक्टसाठी उबुंटूवर रिअल-टाइम कर्नल स्वतः बिल्ड केला, रीस्टार्ट मारला, आणि स्क्रीनवर थेट 'कर्नल पॅनिक'. उद्या सबमिशन! तरी फॉरमॅट मारू नका, प्लीज. जुना कर्नल डिस्कवर तसाच आहे. चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तो निवडा. काम सुरू.

मग कारण शोधू. नव्या कर्नलच्या ओळीवर 'ई' दाबून 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द काढा. गाडी कुठे अडते ते दिसेल. रूट फाइलसिस्टीम माउंट होत नाही म्हणतोय? बहुतेकदा इनिटरॅमएफएस बनलेलंच नसतं. किंवा मॉड्यूल्समधल्या डीबग माहितीमुळे ती फाइल एवढी फुगते की बूट पार्टिशनच भरतं. मॉड्यूल्स 'स्ट्रिप' करून पुन्हा इन्स्टॉल करा. माझ्या मते पहिला संशय इथेच घ्यावा.

'बॅड शिम सिग्नेचर' आलं, तर कर्नल बिचारा निर्दोष आहे. त्यावर सही नाही, म्हणून सिक्युअर बूटने गेटवरच अडवलं.

आणि हो, लिनक्स ६.१२ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, प्रीएम्प्ट-आरटी मूळ कर्नलमध्येच आहे. साध्या लॅपटॉपसाठी वेगळा पॅच शोधत बसू नका. कॉन्फिगमध्ये पर्याय चालू करा.