शॉक नेमका केव्हा द्यायचा?

डिसेंबर १९८५. नोबेल शांतता पारितोषिकाच्या सोहळ्याच्या तोंडावर ऑस्लोत पत्रकार परिषद भरली होती. अण्वस्त्रांविरुद्ध जगभरच्या डॉक्टरांना एकत्र आणणारे दोन हृदयरोगतज्ज्ञ समोर होते, अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव्ह. प्रश्नोत्तरं चालू असतानाच एक सोव्हिएत पत्रकार कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. दोघं डॉक्टर धावले. छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं सुरू झालं, आणि तो माणूस वाचला.

यातल्या लाऊन यांचं काम आज कुठल्याही आयसीयूत, विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे डिफिब्रिलेटरच्या, एका बटणात दिसतं. बटणावर ‘सिंक’ लिहिलेलं असतं. ते कशासाठी आहे हे कळायला हवं असेल, तर शॉक काय करतो ते आधी पाहू.

शाळेच्या मैदानावर लेझीम चालली आहे असं समजा. हलगीचा ठेका चुकतो आणि प्रत्येक मूल आपापल्या तालात खेळू लागतं. सर जोरात शिट्टी मारतात. सगळे थांबतात, हलगी पुन्हा सुरू होते आणि पावलं जुळतात. शॉक म्हणजे ती शिट्टी. फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या स्नायूचा कण न् कण वेगळा थरथरत असतो, रक्त पुढे ढकललंच जात नाही. शॉक ही सगळी थरथर एका झटक्यात थांबवतो. त्यानंतर हृदयाचा ठेका धरणारी गाठ, सायनस नोड, पुन्हा सूत्रं हाती घेते. सिनेमात सरळ रेषेवर शॉक देऊन माणूस उठवतात, तसं प्रत्यक्षात होत नाही. थांबवायला थरथरच नसेल तर शॉकचा उपयोग नाही. तिथे छाती दाबणं आणि औषधं, एवढंच हाती असतं.

१८९९ मध्ये जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की छोट्या झटक्याने हृदय फिब्रिलेशनमध्ये जातं आणि मोठ्या झटक्याने बाहेर येतं. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर १४ वर्षांच्या मुलाचं हृदय पाऊण तास हाताने दाबत ठेवलं, शॉक दिला, आणि मुलगा वाचला. १९५६ मध्ये बोस्टनचे पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरून शॉक देऊन दाखवला.

झोल यांच्या यंत्रात घरातल्या विजेसारखा एसी प्रवाह होता. लाऊन यांनी प्रयोगशाळेत पाहिलं, की त्याने हृदयाला इजा होते. बारूख बेर्कोविट्स या इंजिनिअरला सोबत घेऊन ते कपॅसिटरमधल्या डीसी प्रवाहाकडे वळले. मॉस्कोत नाउम गुर्विच १९३९ पासून हेच सांगत होते.

पण खरा पेच वेगळाच होता. हृदय धडधडत आहे, फक्त फार वेगाने किंवा वेड्यावाकड्या लयीत, अशा रुग्णाला शॉक द्यायचा असेल तर? ईसीजीत उंच टोकाची आर लाट येते, मग गोलसर टी लाट. टी लाटेच्या माथ्याच्या जरासं अलीकडे, सेकंदाच्या साधारण तीन शतांश भागापुरतं, हृदय फार नाजूक असतं. त्या क्षणी पडलेला झटका चांगल्या हृदयालाही फिब्रिलेशनमध्ये ढकलू शकतो. म्हणून १९६२ मध्ये लाऊन यांनी आर लाट ओळखून तिच्यावरच झटका सोडणारी पद्धत मांडली. तिला कार्डिओव्हर्जन म्हणतात.

सिंक दाबलं की मॉनिटरवर प्रत्येक आर लाटेच्या डोक्यावर छोटी खूण उमटते. डॉक्टर म्हणतात, ‘सगळे बाजूला व्हा’, आणि शॉकचं बटण दाबून धरतात. यंत्र लगेच काहीच करत नाही. पुढची आर लाट येईपर्यंत थांबतं. हे थांबणं मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

फिब्रिलेशनमध्ये मात्र वाट पाहायला लाटच नसते. तिथे जितक्या लवकर शॉक, तितकं बरं. याचा फार स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या कॅसिनोंमधून आला, कारण तिथल्या कॅमेऱ्यांमुळे माणूस कधी कोसळला हे कळत होतं. सुरक्षारक्षकांना एईडी, म्हणजे सामान्य माणसालाही वापरता येणारं स्वयंचलित डिफिब्रिलेटर, वापरायला शिकवलं होतं. २००० साली निष्कर्ष छापून आले. डोळ्यांदेखत कोसळलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यातले ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांत ४९ टक्के. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, हे लक्षात घ्या.

तीन शॉक देऊनही फिब्रिलेशन थांबत नसेल तर? २०२२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओचा ४०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत १३.३ टक्के रुग्ण घरी जाण्याइतके बरे झाले. शॉक देणारे पॅड छातीवर आणि पाठीवर लावल्यावर २१.७ टक्के, दोन यंत्रांनी लागोपाठ शॉक दिल्यावर ३०.४ टक्के. कोविडमुळे अभ्यास ठरलेल्या वेळेआधी थांबवावा लागला, म्हणून आकडे जपून घ्यावेत. तरी पॅडची जागा बदलायला पैसा लागत नाही.

तुमच्यासमोर कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा, जवळ एईडी असेल तर कुणाला तरी आणायला पिटाळा, आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.