पाच सूर्यांचा तारा संगणकात

सूर्याच्या पाचपट वस्तुमानाचा तारा साधारण १० कोटी वर्षे जगतो. त्याचे आयुष्य पाहायला माणसाच्या पिढ्या पुरायच्या नाहीत, म्हणून आम्ही ते संगणकात घडवतो. मी आणि माझे विद्यार्थी त्यासाठी ‘मेसा’ ही सर्वांना मोफत मिळणारी प्रणाली वापरतो.

कांद्याचे पापुद्रे सोडवावेत तसे ती ताऱ्याचे शेकडो थर करते. प्रत्येक थराचे वस्तुमान किती, गुरुत्वाकर्षणाला तोलणारा दाब किती, ऊर्जा किती तयार होते आणि ती बाहेर कशी जाते, हा हिशेब सगळीकडे जुळला की काळ पुढे सरकतो.

गाभ्यात हायड्रोजन जळत असेपर्यंत एकेका टप्प्यात लाखो वर्षे सरतात. तो संपला की गाभा आकसतो, बाहेरचा भाग फुगतो आणि तारा तांबडा राक्षसी होतो. पुढे गाभ्यातल्या हेलियमचे कार्बन आणि ऑक्सिजन होतात. मग गाभ्याभोवतीच्या पातळ थरात हेलियम पुन्हा पुन्हा भडकतो. हे भडके मार्टिन श्वार्झशिल्ड आणि रिचर्ड हार्म यांना १९६५ साली संगणकाच्या आकड्यांतच दिसले. इथे आमचा संगणक फार हळू चालतो. मला मात्र हाच भाग सर्वांत आवडतो.

भडक्यानंतर वरच्या थरांतले वायूचे अभिसरण खोल उतरून आत घडलेली मूलद्रव्ये पृष्ठभागावर आणते. याचा पुरावा आकाशातच होता. १९५२ साली पॉल मेरिल यांनी काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्निशियम ओळखले. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. ताऱ्यांची वये याहून कितीतरी जास्त, तेव्हा ते त्या ताऱ्यांतच घडलेले असणार.

तरी अभिसरण किती खोल जाते आणि ताऱ्याच्या वाऱ्याबरोबर किती वस्तुमान उडून जाते, हे समीकरणे पुरते सांगत नाहीत. त्यांचे काही आकडे आपल्यालाच घालावे लागतात. विद्यार्थ्यांना मी आधी तेच बदलून पाहायला सांगते. आलेख प्रत्येक वेळी देखणाच येतो, पण ताऱ्याचा शेवट बदलतो.

मग कोणता शेवट खरा, हे तपासायला कृत्तिका या तारकागुच्छाकडे वळायचे. तिथले तारे एकाच सुमारास जन्मले. त्यांत सूर्याएवढ्या वस्तुमानाचा एक श्वेतबटू, म्हणजे संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आहे. पाच सूर्यांच्या आसपासचे तारे तिथे अजून जळताहेत. त्यांच्याआधी संपलेला हा तारा मुळात त्यांच्याहून जड असला पाहिजे. म्हणजे त्याने आपले चार-पंचमांश वस्तुमान अवकाशात सोडून दिले. ज्या प्रारूपातून एवढाच श्वेतबटू उरत नाही, ते आम्ही स्वीकारत नाही.