खेळ मोबाइलवर, हिशेब विहिरीचा

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा घोड्यावरच्या बंदूकबाज टोळ्यांचा व्हिडिओ गेम. निसर्गशिक्षणासाठी तो कुणी मुलांच्या हाती देणार नाही. पण त्यातलं रान फार बारकाईनं उभं केलं आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी लोकांना खऱ्या प्राण्यांची १५ छायाचित्रं दाखवली, तेव्हा हा गेम खेळलेल्यांनी सरासरी १० ओळखले. न खेळलेल्यांपेक्षा तीन जास्त. म्हणजे खेळातून ओळख होते. वागणूक बदलायला मात्र आणखी काही लागतं.

ते काय, हे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यानं पाहिलं आहे. पाणी फाउंडेशनच्या २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले ३० तालुके उतरले, त्यांत कारंजा होता. ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवसांची मुदत, कामाला गुण, गावागावांत चुरस. विदर्भातल्या ऐन उन्हाळ्यात माणसं पाणी अडवण्याच्या श्रमदानाला आली, ती नुसत्या उपदेशानं आली नसती.

पण पाणी अडवणं हा अर्धाच डाव. सोयाबीन-तूर पावसावर निघते. रब्बीत हरभरा पेरायचा की जास्त पाणी पिणारा गहू, हे जो तो आपल्या विहिरीत डोकावून ठरवतो. जमिनीखालचा साठा मात्र सगळ्यांचा एकच.

आंध्र प्रदेशात फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी याच पेचावर गावकऱ्यांना एक खेळ खेळायला दिला. तो व्हिडिओ गेम नव्हता, समोरासमोर बसून खेळायचा होता. एका पिकाला पाणी कमी, पैसाही कमी. दुसऱ्याला दोन्ही जास्त. दर फेरी म्हणजे एक हंगाम. सगळेच पैशामागे धावले की साठा आटतो आणि मग कुणालाच पीक मिळत नाही. नंतर गावाची बैठक व्हायची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खेळ झालेल्या वस्त्यांत पाण्याची नोंदवही ठेवण्याचं आणि उपशाचे नियम करण्याचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा जास्त होतं. माझ्या मते खेळाइतकंच मोल त्या बैठकीचं आहे. एकट्यानं मोबाइलवर खेळून हळहळ वाटेल, नियम होणार नाही.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तेच आकडे घालून वऱ्हाडी बोलीत मोबाइलवरचा खेळ बनवता येईल. अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावं. आणि ऑक्टोबरची मोजणी झाली की, गव्हाचं बियाणं घरात येण्याआधी, ग्रामसभेनं तो सगळ्यांसमोर खेळवावा.