एका जोडणीवर अख्खे घर

घरात इंटरनेटची जोडणी एकच येते. फायबरची बारीक तार असो, केबलवाल्याने गच्चीवरून सोडलेली वायर असो की फोनमधले सिमकार्ड, कंपनीच्या लेखी ते एकच गिऱ्हाईक असते आणि साधारणपणे त्याला एका वेळी एकच पत्ता मिळतो. त्या एका पत्त्याआड मात्र चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा अशी बरीच यंत्रे बसलेली असतात. सगळी एकाच वेळी बाहेरच्या जगाशी बोलतात आणि आलेले प्रत्येक उत्तर न चुकता ज्याचे त्याला पोचते. ही वाटणी करतो राउटर. ती कशी होते हे कळले, की ‘नेट चालत नाही’ या रोजच्या तक्रारीमागची बहुतेक कारणेही कळतात.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९८१ मध्ये ठरलेल्या आणि अजूनही चालू असलेल्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे पत्ते तयार होतात. जगात संगणक मोजकेच होते तेव्हा ही संख्या अफाट वाटली, त्यामुळे विद्यापीठांना आणि मोठ्या कंपन्यांना सुरुवातीला लाखोंच्या हिशेबाने पत्ते देऊन टाकले गेले. इंटरनेट पसरू लागले तेव्हा ते पुरणार नाहीत हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये क्येल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला: आतल्या जाळ्याने स्वतःपुरते पत्ते वापरावेत आणि वेशीवरच्या यंत्राने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावरचा पत्ता बदलावा. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठीचे पत्त्यांचे तीन पट्टे पक्के झाले. १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते त्यातल्याच एका पट्ट्यातले. १९२.१६८.१.१ हा पत्ता सांगलीतल्या एका घरात असतो, शेजारच्या घरातही असतो आणि सिडनीतल्या घरातही. उंबरठ्याबाहेर तो चालतच नाही, म्हणून गोंधळ होत नाही.

एकेकाळी चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच बिऱ्हाडी फोन असायचा आणि बाकीची मंडळी अर्जावर तोच नंबर ‘पी.पी.’ म्हणून लिहायची. बाहेरच्याला नंबर एकच ठाऊक. हाक कुणाला मारायची हे फोन उचलणारा बघायचा. राउटर हेच करतो, फक्त माणसाच्या नावाच्या जागी त्याच्याकडे पोर्ट क्रमांक असतो.

समजा, घरातल्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे आणि त्यावर कुणी बातम्यांचे संकेतस्थळ उघडले. लॅपटॉप आपल्या बाजूचा एक पोर्ट निवडतो, उदाहरणार्थ ५१०००, आणि निरोप राउटरकडे देतो. राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता काढून तिथे स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो आणि सोबत आपल्याकडचा मोकळा पोर्ट, समजा ४०००१. मग तक्त्यात नोंद करतो, की ४०००१ म्हणजे १९२.१६८.१.५ चा ५१०००. तेवढ्यात १९२.१६८.१.८ या पत्त्यावरच्या फोनने तेच संकेतस्थळ उघडले, तर त्याला ४०००२ मिळतो. सर्व्हरला दोन्ही मागण्या एकाच ठिकाणाहून आलेल्या दिसतात आणि तो दोन्ही उत्तरे त्याच पत्त्यावर पाठवतो. ४०००१ वर उत्तर आले की राउटर तक्ता बघतो, पत्ता उलट बदलतो आणि पान लॅपटॉपकडे सोडतो. पत्ता बदलण्याचे राउटरचे काम सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात उरकते. या पद्धतीचे नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन. सगळे तिला ‘नॅट’ म्हणतात.

तक्त्यातली नोंद कायमची नसते. काही वेळ त्या वाटेने काही आले-गेले नाही की राउटर ती खोडतो. तरीही स्वस्त राउटरची स्मरणशक्ती बेताचीच असते. घरात कुणी टॉरेंट लावले की एकटे तेच शेकडो जोडण्या उघडते, तक्ता भरतो आणि नव्या नोंदीला जागा उरत नाही. मग वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. अशा वेळी राउटर बंद करून चालू केला की नेट सुरू होते, कारण तक्ता कोरा झालेला असतो.

याच तक्त्यामुळे घराला आपोआप एक संरक्षणही मिळते. बाहेरून कुणी आगंतुक निरोप पाठवला तर त्याची नोंद कुठेच नसते, म्हणून राउटर तो टाकून देतो. पण घरचा कॅमेरा गावाहून बघायचा असेल तर हेच आडवे येते. त्यासाठी अमुक पोर्टवर आलेले सगळे अमुक यंत्राकडे द्यायचे, अशी नोंद राउटरमध्ये हाताने करावी लागते. हे पोर्ट फॉरवर्डिंग. हल्लीचे बहुतेक कॅमेरे हा खटाटोप टाळतात. ते स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी जोडून राहतात आणि फोनवरचे ॲप त्या सर्व्हरमार्फत चित्र दाखवते. सोय आहे, पण घरातले दृश्य तिसऱ्याच्या दारातून जाते, हे विकत घेताना ध्यानात असायला हवे.

घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे कामही राउटरच करतो. नवा फोन वाय-फायला जोडला की तो आधी ‘मला पत्ता द्या’ अशी सगळ्यांना उद्देशून मागणी करतो आणि राउटर त्याला एक मोकळा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. प्रिंटरला कुणी हाताने पत्ता घालून ठेवला आणि तोच पत्ता राउटरने दुसऱ्याला दिला, तर दोन्ही यंत्रे अडखळतात. प्रिंटर मध्येच ‘सापडत नाही’ म्हणतो, त्यामागे कित्येकदा हेच असते.

राउटर घरोघरी येण्याआधी हे सगळे काम एखादा संगणक करत असे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. ते टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमने नंबर फिरवून यायचे आणि जितका वेळ जोडलेले तितके फोनचे बिल चढायचे. घरात दुसरा संगणक आला तरी फोनची लाइन एकच असायची. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सोय दिली. मोडेम असलेला संगणक यजमान व्हायचा, त्याचा आतला पत्ता १९२.१६८.०.१ असा ठरलेला असायचा आणि बाकीच्यांना तो पत्ते वाटायचा. दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर कुणी पान उघडले की यजमानाचा मोडेम आपोआप नंबर फिरवू लागे.

दोनच संगणक असतील तर मध्ये हबही लागत नसे. एका नेटवर्क कार्डातून दुसऱ्यात थेट तार जायची, पण ती क्रॉस केबल असावी लागे. साध्या केबलच्या दोन्ही टोकांना आठ तारांचा क्रम सारखाच असतो. क्रॉस केबलमध्ये एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करतात, म्हणजे एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला मिळते. नवी कार्डे ही अदलाबदल स्वतःच ओळखून करतात, म्हणून आता ती केबल मागावी लागत नाही. या व्यवस्थेची मुख्य अडचण उघड होती: यजमान संगणक बंद झाला की घरभरचे नेट बंद. शिवाय ५६ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला फार तर सात किलोबाइट यायचे, त्यातच दोघांनी भागवायचे.

साधारण त्याच काळात मुंबईच्या इमारतींमधून केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर तारा टाकून नेट द्यायला सुरुवात केली. २००४ च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले आणि २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएल व एमटीएनएल यांची ब्रॉडबँड सेवा आली. जोडणी चोवीस तास चालू राहू लागली आणि मोडेम व राउटर एकाच डबीत आले. केबलवाल्यांची जोडणी बहुधा पहिल्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या ‘मॅक’ क्रमांकाशी बांधलेली असायची. राउटर लावला की नेट बंद पडे, आणि त्या संगणकाचा क्रमांक राउटरवर उतरवला की पुन्हा सुरू होई. ‘मॅक क्लोन’ हा पर्याय आजही राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसतो तो यासाठीच.

जोडणी वाटली जाते तसा वेगही वाटला जातो, पण समान नव्हे. योजना १०० एमबीपीएसची असेल तर आठने भागून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हाती येतात. राउटर त्याचे माणशी तुकडे करत नाही. जो जास्त जोडण्या उघडतो त्याच्या वाट्याला जास्त येते. टीव्हीवर सिनेमा बघणारा आणि ऑनलाइन वर्गात बसलेली मुलगी यांच्यात खरे भांडण होते ते तर पुष्कळदा वेगळ्याच कारणाने. कुणाच्या तरी फोनमधले फोटो गुपचूप क्लाउडवर चढत असतात. अनेक जोडण्यांचा वर जाण्याचा वेग खाली येण्यापेक्षा बराच कमी असतो. तो रस्ता तुंबला की ‘मिळाले, पुढचे पाठवा’ अशा छोट्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि खाली येणारे सगळेच मंदावते. वर्गातला आवाज तुटतो, वेग मोजला तर मात्र बरा दिसतो. राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल तर वर्गाच्या लॅपटॉपला अग्रक्रम देता येतो. नसेल तर फोटो चढवण्याची वेळ रात्रीची ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय.

वाय-फायचे गणित निराळे. तिथे जोडणीच नव्हे, हवाही वाटून घ्यावी लागते. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. लांबच्या खोलीतला फोन क्षीण लहरींमुळे सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना गप्प बसवतो, म्हणजे एका दूरच्या फोनमुळे राउटरजवळचा लॅपटॉपही संथ होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्या पार करतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाटीच्या इमारतीत त्या शेजाऱ्यांनी भरलेल्या असतात, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतो. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस आणि वेग जास्त, पण काँक्रीटच्या दोन भिंती त्याला जड जातात. जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरात तर एका राउटरवर भागणे कठीणच. म्हणून राउटर टीव्हीच्या कपाटात किंवा लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच आणि उघडा ठेवावा. टीव्ही आणि डेस्कटॉप यांना जागचे हलायचे नसते. त्यांना तारेने जोडले की हवा बाकीच्यांना मोकळी राहते. ही तार १०० मीटरपर्यंत चालते.

रेंज वाढवायला दुसरा राउटर आणला की एक चूक हमखास होते. पहिल्याची तार दुसऱ्याच्या ‘वॅन’ भोकात जाते, दुहेरी नॅट होते, आणि वरच्या मजल्यावरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसेनासा होतो. तार ‘लॅन’ भोकात घालावी, दुसऱ्याचा डीएचसीपी बंद करावा आणि त्याला आपल्याच जाळ्यातला, कुणाला न दिलेला पत्ता द्यावा. मग पत्ते वाटणारा एकच राहतो.

फोनचा हॉटस्पॉट म्हणजे छोटा राउटरच: तोच तक्ता, तेच पत्तेवाटप. लॅपटॉप यूएसबी केबलने फोनला जोडून नेट घेतले तर हवेतली गर्दी टळते आणि फोन चार्जही होत राहतो. वीज गेल्यावर घरचा राउटरही जातो, म्हणून पुष्कळ घरांत आता त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडलेला असतो.

पासवर्डचा प्रश्न केवळ फुकट्या शेजाऱ्याचा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. त्यातला आयपी पत्ता तपासयंत्रणांना नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या घरी घेऊन गेला. त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्याच कुणी केला होता. बाहेरून अख्ख्या घराचा एकच पत्ता दिसतो, त्याचा हा दुसरा अर्थ. म्हणून वाय-फायला किमान डब्ल्यूपीए२ सुरक्षा हवी, राउटरच्या स्वतःच्या पानाचा ‘ॲडमिन’ हा जन्मजात पासवर्ड बदललेला हवा, आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क असेल तर उत्तम.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटले गेले. तेव्हापासून अनेक कंपन्या घरालाही सार्वजनिक पत्ता देत नाहीत. कंपनीच्या पातळीवर आणखी एक नॅट बसते आणि शेकडो गिऱ्हाइके एका पत्त्याआड जातात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर घर अशाच सामायिक पत्त्यामागे आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले तरी बाहेरचा निरोप आत येत नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो.

कायमचा उपाय आयपीच्या सहाव्या आवृत्तीत आहे. तिचा पत्ता १२८ बिटांचा असतो. एकेका घराला मिळणाऱ्या पट्ट्यातच जुन्या सबंध इंटरनेटपेक्षा कितीतरी जास्त पत्ते असतात, त्यामुळे प्रत्येक फोनला आणि टीव्हीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि अदलाबदलीची गरज संपते. भारतातले निम्म्याहून अधिक वापरणारे आज या आवृत्तीवर पोचले आहेत, मुख्यतः मोबाइलमुळे. नॅटचा आयता आडोसा मात्र तिथे नसतो. आगंतुक निरोप अडवण्याचे काम राउटरमधल्या फायरवॉलला करावे लागते, आणि ती चालू आहे ना, हे राउटरच्या पानावर स्वतः पाहून घ्यावे लागते.