खेळाडूंची गर्दी, गोलांचा दुष्काळ
३८ सामने, ३८ गोल. २०२२-२३च्या प्रीमियर लीगमध्ये चेल्सीच्या खात्यावर जमा झाले ते एवढेच. गुण ४४, क्रमांक बारावा. १९९४ नंतर हा क्लब इतका खाली कधी घसरला नव्हता, आणि याच हंगामात त्याने खेळाडूंच्या खरेदीवर ५० कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली होती.

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तेव्हाचे मालक रोमन अब्रामोविच यांना क्लब सोडावा लागला. मे २०२२मध्ये टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल हे नवे मालक आले. त्यांनी हिशेबाची एक वाट शोधली. खेळाडूची किंमत क्लबच्या ताळेबंदात एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांत विभागली जाते. बेन्फिकाचा एन्झो फर्नांडिस १० कोटी ६८ लाख पौंडांना आला, करार साडेआठ वर्षांचा. पाच वर्षांचा करार असता तर वर्षाला दोन कोटींहून जास्त खर्च दिसला असता. इथे तो सव्वा कोटीच्या आसपास उतरला. मिखाइलो मुद्रिकचा करारही तितकाच लांब. पुढे युएफाने ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली, पण तोवर खरेदी उरकली होती.

वही जुळली तरी मैदानावर अकराच उतरतात. जानेवारीत इतके नवे चेहरे आले की चॅम्पियन्स लीगच्या यादीत त्यांतल्या तिघांनाच जागा मिळाली. नव्याने आलेला बचावपटू बेनुआ बादियाशिल बाहेर राहिला.

माझ्या मते खरा घोळ आघाडीच्या फळीत होता. २०२२च्या उन्हाळ्यात स्ट्रायकर लुकाकू इंटरकडे उसना गेला, वेर्नर लाइपझिगला परतला. त्यांच्या जागी सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी ओबामेयांग आला. डॉर्टमुंडमध्ये तो चेल्सीचे तेव्हाचे प्रशिक्षक टॉमस टुखेल यांच्याच हाताखाली बहरला होता. झाग्रेबमध्ये त्याचा पहिला सामना झाला, चेल्सी हरली आणि दुसऱ्या सकाळी टुखेल यांनाच नारळ मिळाला. ज्याच्या भरवशावर आला तो प्रशिक्षकच गेला. ओबामेयांगने लीगमध्ये अख्ख्या हंगामात एक गोल केला. जानेवारीत पुन्हा तिजोरी उघडली, तरी मुरलेला स्ट्रायकर कुणी आणलाच नाही. लीगमध्ये सर्वाधिक गोल काय हावर्ट्झचे, अवघे सात.

टुखेल यांच्यानंतर ब्रायटनहून ग्रॅहॅम पॉटर आले. एप्रिलमध्ये तेही गेले. मग हंगामी म्हणून क्लबचेच माजी खेळाडू फ्रँक लॅम्पार्ड. त्यांचे पहिले सहाही सामने पराभवाचे. क्लबवर जीव असलेल्या या माणसाला अशा अवस्थेत पुढे करणे मला क्रूर वाटले.

ज्या ब्रायटनकडून चेल्सीने प्रशिक्षक घेतला, बचावपटू कुकुरेयाही घेतला, त्याच ब्रायटनने लीगमध्ये चेल्सीला दोन्ही वेळा हरवले आणि सहावे येऊन प्रथमच युरोपीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. ब्रायटनमध्ये नेमके कोणत्या जागेसाठी कोण हवे, हे ठरवून माणसे घेतली जात होती.

हंगाम संपल्यावर विक्री सुरू झाली आणि तिथेही हिशेबाचेच चालले. अकादमीत घडलेल्या खेळाडूच्या खरेदीची किंमत वहीत नसते, म्हणून त्याला विकून आलेला जवळपास सगळा पैसा नफा ठरतो. मेसन माउंट सहाव्या वर्षापासून चेल्सीत होता. २०२१च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात त्याच्याच पासवर हावर्ट्झने विजयी गोल केला होता. २०२३च्या उन्हाळ्यात माउंट मँचेस्टर युनायटेडकडे गेला, हावर्ट्झ आर्सेनलकडे.