आधी मोजा, मग ठरवा



सुगी संपली की भात भरडायच्या गिरणीवर पोत्यांची रांग लागते. ती तुम्ही पाहिलीच आहे. समजा, एका सकाळी तिघे एकदमच आले. दादांच्या भाताला ६० मिनिटे लागणार. काकांच्या भाताला २० मिनिटे आणि आजींच्या भाताला १० मिनिटे.

दादांनी पोती पुढे लावली. आजी म्हणाल्या, "माझं एवढंसं भात, अन् त्यासाठी दुपार करू का?" दादा म्हणाले, "रांग म्हणजे रांग!" झाले, भांडण जुंपले.

आता भांडण सोडा आणि पाटी घ्या.

दादा पहिले, काका दुसरे आणि आजी तिसऱ्या असा क्रम लावला, तर दादा ६० मिनिटांनी मोकळे होतात, काका ८० आणि आजी ९० मिनिटांनी. तिघांची बेरीज २३० मिनिटे.

क्रम उलटा करा. आजी १० मिनिटांनी मोकळ्या, काका ३० आणि दादा ९० मिनिटांनी. बेरीज १३० मिनिटे. गिरणी तीच, भात तेवढेच. पण माणसांची १०० मिनिटे वाचली!

मात्र दादांना अर्धा तास जास्त थांबावे लागले, हेही पाटीवर मांडले पाहिजे. शिवाय लहान पोती येतच राहिली, तर दादांची पाळी यायची कधी? म्हणून नियम आधी सर्वांना सांगावा. मोठ्या पोतीवाल्याला ठरलेली वेळ द्यावी आणि ती पाळावी. म्हणजे कोणावर अन्याय होत नाही.

काम तेच, माणसे तीच, पण रीत कोणती बरी, हे मोजून शोधायचे एक शास्त्र आहे. त्याला 'ऑपरेशन्स रिसर्च' म्हणतात.

हे शास्त्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढले. इंग्रजांची विमाने शत्रूच्या पाणबुड्यांवर स्फोटके टाकत. ती १०० फूट खोल गेल्यावर फुटत. पाणबुड्या काही फारशा बुडत नव्हत्या. १९४१ साली विल्यम्स या शास्त्रज्ञाने हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. विमानातून दिसणारी पाणबुडी पाण्याच्या वरच्या थरातच असते, हे त्याने दाखवले. मग ती खोली कमी करत २५ फुटांवर आणली. विमाने तीच राहिली, पण पाणबुड्या पुष्कळ जास्त बुडू लागल्या.

पण इतके लांब कशाला जायचे? मुंबईचे डबेवाले पाहा. ते बहुतेक आपल्या मावळ-मुळशीकडचे. १८९० च्या सुमारास हा धंदा सुरू झाला. प्रत्येकाने आपापले डबे घेऊन सारी मुंबई पालथी घातली असती, तर जेवणाची वेळ टळली असती. म्हणून एकजण घराघरांतून डबे गोळा करतो. स्टेशनावर ते जागेप्रमाणे वेगळे होतात. लोकलने जातात आणि तिथे दुसराच माणूस ते कचेरीत पोचवतो. झाकणावरच्या रंगाच्या आणि अक्षरांच्या खुणेवरून डबा कुठे जायचा, ते कळते. शिक्षण थोडे, पण हिशेब पक्का!

आपली सोसायटी असो, दूध डेअरी असो, की बचत गट असो. चार गोष्टी करा:

१. आपल्याला नेमके काय साधायचे आहे, ते एका ओळीत लिहा.
२. आठ दिवस नोंद ठेवा. वेळ किती, माल किती, खर्च किती.
३. दोन-तीन रीती कागदावर मांडा. कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, तेही लिहा.
४. बरी वाटेल ती रीत थोडे दिवस करून पाहा आणि पुन्हा मोजा.

सभेत ज्याचा आवाज मोठा, त्याचेच खरे ठरते. पण कागदावरचा आकडा ओरडत नाही आणि कोणाला भीतही नाही. आता तुम्हांला लिहिता येते, बेरीज येते. पुढच्या सभेला जाताना वही बरोबर न्या. तिथे बसलेल्या आजींचे १० मिनिटांचे कामही त्या वहीत मांडा.