गव्हाणीमागची मोटर

दसरा-दिवाळीच्या आसपास नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील साखर कारखान्यांत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ होतो. १९५०-५१ च्या हंगामात, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे राज्यातील पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मात्र मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी पुढच्या कटरची मोटर सुरू व्हावी लागते आणि ते काम वाटते तितके सोपे नाही.

उसाची टिपरी फोडणारे कटर आणि फायब्रायझर ही अत्यंत जड यंत्रे. घरातील पंपासाठी वापरली जाणारी साधी पिंजरा पद्धतीची मोटर थेट जोडली, तर सुरू होताना ती नेहमीच्या सहा ते सात पट प्रवाह ओढते. एवढे करूनही तिचा जोर बेताचाच असतो, कारण थांबलेल्या रोटरमधील हा प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या तालावर नसतो; तो मागे रेंगाळतो. परिणामी कारखान्याचा विजेचा दाब खाली येतो, मोटर तापते आणि कटर मात्र सावकाश हलतो.

यावर जुना, पण भरवशाचा उपाय म्हणजे स्लिप रिंग मोटर. तिच्या रोटरवर तांब्याची गुंडाळी असते आणि गुंडाळीची तीन टोके दांड्यावरील तीन कड्यांना जोडलेली असतात. कड्यांवर टेकलेल्या कार्बन ब्रशमधून रोटरच्या मार्गात बाहेरून रोध घालता येतो. रोध वाढला की प्रवाह घटतो, पण तो तालावर येतो. म्हणूनच प्रवाह कमी होऊनही जोर वाढतो! मोटर वेग घेऊ लागली की रोध टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचा आणि शेवटी कडी एकमेकांना जोडून टाकायची. मोठ्या मोटरींसाठी हा रोध बहुधा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा असतो. टाकीत बुडालेले इलेक्ट्रोड जवळ आणले की रोध कमी होतो. मात्र लागोपाठ मोटर सुरू केली, तर हे पाणी उकळण्याइतके तापते. म्हणून दोन प्रयत्नांत अंतर ठेवावेच लागते.

हाच रोध कायम ठेवला, तर भाराखाली वेगही कमी करता येतो. केन यार्डात मोळ्या उचलणाऱ्या क्रेनमध्ये ही पद्धत वर्षानुवर्षे वापरली गेली. तिच्यात दोन उणिवा आहेत. भार नसेल तर वेग फारसा घटत नाही. शिवाय वेग ७० टक्क्यांवर आणला, तर रोटरला मिळणाऱ्या १०० किलोवॉटपैकी ३० किलोवॉट उष्णता होऊन जातात. बगॅसवर वीज तयार करून ती महावितरणला विकणाऱ्या कारखान्याला हा तोटा सरळ पैशात मोजता येतो.

त्यामुळेच गिरण्यांच्या रोलरसाठी, जिथे उसाच्या आवकेनुसार वेग बदलावा लागतो, विजेची वारंवारता बदलणारे व्हीएफडी आणि साध्या मोटरींची जोडी पुढे आली. कटरची गोष्ट वेगळी. तो जवळजवळ एकाच वेगाने फिरतो, तेव्हा व्हीएफडीने वाचणारी वीज थोडीच. उलट, रोटरमध्ये थोडा रोध कायम ठेवला, तर उसाचा मोठा गठ्ठा आल्यावर मोटर जरा मंदावते आणि फिरत्या सुऱ्यांत साठलेली ऊर्जा तो धक्का झेलते. जुनी म्हणून ही मोटर सरसकट मोडीत काढणे, म्हणूनच शहाणपणाचे ठरत नाही.

अडचण आहे ती निगेची. कार्बन ब्रश झिजतात, बगॅसची धूळ कड्यांवर बसते, ठिणग्या उडतात. हंगाम संपल्यावर ब्रशची लांबी, कड्यांचा पृष्ठभाग आणि सोड्याच्या पाण्याची तीव्रता तपासावी लागते. इलेक्ट्रोड पूर्ण रोधाच्या जागी आल्याशिवाय मुख्य स्विच लागू नये, अशी साखळीही सुस्थितीत हवी; अन्यथा स्लिप रिंग मोटरही पिंजरा मोटरीसारखाच प्रवाह ओढते. ऐन हंगामात कटर बंद पडला, तर गव्हाण थांबते, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग वाढते आणि तोडलेल्या उसाचे वजन व उतारा तासागणिक घटत जातो. त्याची झळ अखेर पोहोचते ती ऊस उत्पादकापर्यंत.